पांढऱ्या लवीचं निवडुंग

वैशाख तापाया लागला का माजी दोन बोटं आपसूक जवळ येत्यात, चिमटीत कायतरी बारीक धरल्यावानी. नातसून इचारती, आजी, बोटं दुखत्यात का. दुखत न्हाईत. बोटांना जुनी सवय हाय, तेवढंच. परवा तिनं लोनावळ्याच्या बाजारातनं एक काटेरी झाड आनलं, वाटीएवढ्या कुंडीत, लिंबाएवढं गोल. खिडकीत ठेवलं आन रोज तांब्यानं पानी घालाया लागली. मी म्हनलं, पोरी, आधी बोट घाल मातीत. कोरडं लागलं तरी आनखी दोन दिस थांब. ती हसली. म्हनली, तुमाला या झाडातलं काय ठावं. मला त्या झाडातलं जेवढं कळतं तेवढं सैपाकातलं बी कळत न्हाई.

माज्या तरनेपनी वैशाखात मुंबैची मानसं लोनावळ्याला यायची. बंगल्यांची कुलपं निघायची, गाद्या उन्हात पडायच्या, ठेसनापासनं टांग्यांची रांग लागायची. दोन म्हैने गाव भरायचं आन मिरगाच्या आत परत रिकामं व्हायचं. त्या दोन म्हैन्यांत दर ऐतवारी आमच्या पारशी बाईसाबांच्या व्हरांड्यात काटेरी झाडांची हौस असलेली मंडळी जमायची. तिला इंग्रजी नाव व्हतं, लांबलचक. आमी कामाची मानसं काटेमंडळ म्हनायचो. आठ-धा जन असतील. येताना परत्येकजन टांग्यात मांडीवर एक कुंडी घिऊन यायचा, तान्ह्या लेकरासारकी, खड्डा आला का दोनी हातांनी धरायची. मला तवा हसाया येत नव्हतं, न्हाईतर हसले असते.

गोल मेज मांडायचं, वर पांढरी चादर. चादरीवर कुंड्या. मंग एक भिंग या हातातनं त्या हातात फिरायचं. कुनी दोऱ्यानं घेर मोजायचं. कुनी बारीक कुंचल्यानं या फुलातली पिवळी धूळ त्या फुलावर न्हेऊन ठेवायचं आन मंग त्याला कागदाची टोपी घालायचं. बुडाशी आलेली पिल्लं काढून वर्तमानपत्रात बांधून एकमेकांना द्यायची, लग्नात आहेर देत्यात तशी, आन घेनारा म्हनायचा, अवो कशाला, आन लगीच पिशवीत घालायचा. फौजदारी कोरटातले एक म्हातारे जज्जसाब व्हते, नोकरीतनं उतरलेले. त्यांचं आन एका गोऱ्या डाक्टराच्या बायकोचं एका कुंडीवरनं वाजलं व्हतं. झाडाच्या अंगावर उभ्या धारा नऊ का धा. दोन ऐतवार बोलनं बंद. जज्जसाब माज्या हातातनं चहा घेताना मलाच सांगत बसले, "माणसाला फाशी सांगताना मी इतकं मोजलं नाही, जितकं ही बाई मला मोजायला लावते." मी म्हनलं, व्हय साहेब. दुसरं काय म्हननार.

आमच्या गावात, कुरवंड्यात, हे सांगितलं का बाया तोंडाला पदर लावायच्या. आमच्याकडं तर गावाभवती निवडुंगच निवडुंग. शेतांच्या वईला, कुंपनाला निवडुंग, वाटंला निवडुंग, नागफणीच्या डोंगराच्या अंगाला पार कड्यापर्यंत. पोरं त्याची लाल बोंडं खाऊन हात-तोंड रंगवायची. माजी जाऊ एकदा म्हनली, तुज्या बाईसाबांना म्हनावं टांगा घिऊन आमच्या वईला या, पायजे तेवढं न्या, वर तांब्याभर ताक देते. जाऊ बोलायला अशी. पन ती हसायची तवा मी घरात नकोशी झालेली व्हते, ते दोघींना बी ठावं व्हतं.

माजे मालक, रखमीचा बाप, धरनाच्या कामावर गेलते. सुरुंगाचा दगड डोक्यात बसला. सांजच्याला चौघांनी देह घोंगडीत घालून आनला. मी बावीस-तेवीस वर्सांची असंन, माजी पोर रखमी तीन वर्सांची. रडले का न्हाई ते मला आठवत न्हाई. त्याच्यानंतरचं एक साल मला असं आठवतं, जसं कुनी दुसऱ्या बाईचं सांगतंय. सकाळी उठायचं, रखमीला काखंत मारायचं, घाट उतरून बंगल्यावर जायाचं, पानी भरायचं, सांजला परत चढायचं. भूक लागायची पन चव लागायची न्हाई. ऊन लागायचं पन पोळायचं न्हाई. कुंड्यांच्या कामाला बाईसाबांनी मला घातली त्याचं कारन बी तेच. बाकीच्या बाया काटा रुतला का हात मागं घ्यायच्या. माजा हात मागं येत नव्हता.

काम शिकवलं इमामभाऊनं. बंगल्याचा माळी. लोनावळ्याचाच मानूस, साठीला आलेला, दाढी मेंदीनं लाल केलेली. मागल्या अंगाला माळ्याची खोली व्हती तितं तो आन त्याची बायको राहायची. तिला सगळी भाभी म्हनायची. तिला दमा व्हता, खोलीच्या दाराशी बसून ती श्वास मोजत असायची आन मधीच माज्या रखमीला हाक मारून गुळाचा खडा द्यायची. इमामभाऊ झाडांशी बोलायचा न्हाई, झाडांबद्दल बोलायचा, आन तेबी नावं ठेवून.

"ही झाडं न्हाईत येसू, जावई हायेत," तो म्हनायचा. "जास्त केलं तरी रुसत्यात, कमी केलं तरी रुसत्यात. फरक एवढाच का ही कमी खात्यात."

त्याची खरी कारागिरी कलमात व्हती. परदेशातनं आलेली बटनाएवढी गोल झाडं आपल्या मातीत नीट धरत नसत. तर तो आमच्या वईचं निवडुंग कुंडीत लावायचा, ते जोमानं वाढलं का त्याचं डोकं छाटायचा, आन त्या कापावर ते परदेशी बटन बसवून दोऱ्यानं बांधायचा. पंधरा दिसांत एकजीव. खाली कुरवंड्याचं खोड, वर कुठल्या कुठल्या मुलखाचं मुंडकं. काचंचं छप्पर घातलेल्या खोलीत फळ्यांवर अशी साठ-सत्तर कलमं वळीनं उभी व्हती. मंडळीतल्या निम्म्या लोकांची झाडं इमामभाऊच्या हातची व्हती, पन ऐतवारी तो व्हरांड्याच्या पायरीखाली उभा राहायचा आन हाक आली तरच वर जायचा.

आन समद्यांत मान व्हता म्हाताऱ्याला. म्हातारा म्हंजे हातभर उंचीचं एक झाड, आगबोटीतनं आलेलं. त्याच्या अंगभर पांढरे लांब केस. काटा दिसायचाच न्हाई, निस्ती पांढरी लव. बाईसाब तान्ह्या पोराच्या फणीनं त्याचे केस विंचरायच्या. नवा पाहुना आला का आधी म्हाताऱ्याकडं न्ह्यायचा, मंग चहा. जज्जसाब, गोरी बाई, समदी त्याच्यासमोर दोन मिंटं गप उभी राहायची. त्यावरनं मी माज्या मनाशी एक शिकले. पांढरी लव जेवढी दाट, तेवढं झाड मोठ्या मानाचं. कुनी शिकवलं न्हाई. बघून बघून शिकले. माज्यासारक्या बाईचं शिकनं असंच.

चैतातच दीर बोलला व्हता. चढा आवाज न्हाई काय न्हाई. भाकरी मोडता मोडता म्हनला का छप्पर एवढ्याच मानसांना पुरतंय, मिरगाच्या आत तू तुजं काय ते बग. माहेरी कोन उरलं नव्हतं. कुरवंड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगाया नको. चार म्हैने ढग दारातनं आत येतो, चूल पेटत न्हाई, भितीला हात लावला तर हात वला व्हतो. चार वर्सांची पोर घिऊन कुटं जायाचं. बंगल्याच्या मागं माळ्याच्या खोलीला लागून लाकडं ठेवायची एक अंधारी जागा व्हती. ती मिळाली असती तरी मला पुरली असती. पन मागायचं कसं, ते सुचंना.

मंडळीची एक रीत व्हती. हंगामाच्या शेवटच्या ऐतवारी परत्येकानं नवं कायतरी आनायचं. डोंगरातल्या मानसांनी आनलेलं बी चालायचं. आदल्या साली भाजे गावचा एक मानूस लेण्यांवरच्या खडकातनं माकडशिंगीचं रोप घिऊन आला, आमी जिची भाजी करून खातो ती. मंडळीनं त्याच्याभवती कोंडाळं केलं, आन बाईसाबांनी त्याच्या भावाला बंगल्यावर राखनदार ठेवून घेतला. ते मी डोळ्यानं बघितलेलं.

तर मला सापडलं. शेवटच्या ऐतवाराच्या आधी पंधरा दिस, बंगल्याकडं उतरताना नागफणीच्या अंगाला वईच्या टोकाशी निवडुंगाचं एक जाळं पांढरं झालेलं दिसलं. जवळ गेले. पानावर कापसाचे पुंजके, गच्च. जल्मात असलं निवडुंग बघितलं नव्हतं. मला वाटलं, आमच्या निवडुंगाला बी म्हाताऱ्यासारकी लव फुटली. इळ्यानं एक पान छाटलं, आडुळशाच्या पाल्यात गुंडाळलं आन डोक्यावरच्या पाटीत दडवून बंगल्यावर आनलं. काचंच्या खोलीत कलमांच्या वळीमागं, खालच्या फळीवर, एका फुटक्या कुंडीत लावलं. वर पोत्याचा तुकडा टाकला. कुनाला बोलले न्हाई. ऐतवारी एकदम म्होरं आनायचं आन लाकडाची जागा मागायची, असं ठरवलं.

रोज दुपारी इमामभाऊ भाकरी खायाला गेला का मी पोतं उचलून बघायचे. लव वाढत व्हती. त्या अख्ख्या सालात मला काय बरं वाटलं असंल तर ते तेवढंच. रखमीला एकदा उचलून दाखवलं. ती म्हनली, आये, ह्ये झाड म्हातारं झालं. मी म्हनलं, हळू बोल, हे आपलं घर हाय.

शेवटच्या ऐतवाराला सा-सात दिस असतील. इमामभाऊनं मला हाक मारली. एक कलम हातात घिऊन उभा व्हता. खालच्या खोडावर पांढरे ठिपके. त्यानं एक ठिपका अंगठ्यानं चिरडला आन अंगठा मला दाखवला. लालभडक.

"कीड हाय," तो म्हनला. "कापसाखाली दडून रस पीती. खोडाची कळा बग, समदी गेली."

मी वळीकडं बघितलं. पयला ठिपका ज्या कुंडीवर, ती माज्या फुटक्या कुंडीच्या अगदी म्होरची. तिच्या शेजारच्या कुंडीवर ठिपके कमी, त्याच्या पल्याडच्या कुंडीवर आनखी कमी. मला कुनी समजावून सांगाया नको व्हतं. इमामभाऊ बाईसाबांना सांगाया वर गेला. मी पोतं उचललं, पान उपटलं, न्हानीच्या बंबात घातलं. तडतडलं आन गेलं. कुंडी फोडून खापऱ्या उकिरड्यात दडपल्या. हात बघितलं तर दोनी तळहात लाल. कपाळ पांढरं आन तळहात कुकवाचं. राखंनं घासलं, परत घासलं. रंग नखांत चार दिस व्हता. कुनाचं ध्यान गेलं न्हाई. कामवाल्या बाईच्या नखांकडं कोन बघतंय.

सा दिसांत कलमं ढासळाया लागली. आमच्या वईचं खोड आतनं पानी पानी व्हायचं आन वरचं मुंडकं फळीवर पडायचं. टप्प. काम करता करता मागनं आवाज यायचा, टप्प. वरचं झाड धडधाकट असायचं, खाली उभं राहायला कायच नसायचं. म्हातारा तेवढा वाचला, तो आपल्या मुळांवर व्हता.

ऐतवारी मंडळी आली पन मेजावर कुंडी कुनी मांडली न्हाई. कोन कुनाच्या झाडाजवळ जाईना. गोऱ्या बाईनं हातरुमाल नाकाला धरला व्हता, जशी काय साथच आली. जज्जसाबांनी खुर्ची ओढून घेतली आन इमामभाऊला पायरीवर उभा केला. त्या दिशी मला कळलं हा मानूस कोरटात कसा बसत असंल. कवापासनं, कुटनं, कुनी, एकेक इचारलं. बाहेरनं काय आत आलं का, असं इचारल्यावर इमामभाऊ टाळाटाळ करत बसला न्हाई. मंग त्यानं आपनहून सांगितलं का म्हैन्यापूर्वी इंद्रायनीच्या काठनं वाळूचं पोतं आनलं व्हतं, तितं निवडुंगाचं रान हाय, पोतं तितंच टेकवलं व्हतं. त्याशिवाय दुसरं काय आत आलं न्हाई.

जज्जसाबांनी मान माज्याकडं वळवली. "तू काही आणलंस का, बाई?"

मी मान हलवली. न्हाई.

मान हलवाया काय ताकद लागत न्हाई. रखमी पायरीखाली मातीत बसली व्हती, ती मला दिसत व्हती. आभाळात नागफणीच्या माथ्यावर पयले ढग आलेले, ते बी दिसत व्हते. बस.

बाईसाब रागावल्या न्हाईत. त्या आत गेल्या. पन मंडळीचं म्हननं पडलं का ज्यानं आनलं त्याच्या हातात झाडं ठेवता येत न्हाईत, आनखी चार बंगल्यांत तोच माळी काम बघतो, समदीकडं पसरंल. सांजच्या आत निकाल. इमामभाऊनं खोली खाली करायची.

सामान काय व्हतं, दोन बोचकी आन भाभीची दोरीची खाट. तळेगावच्या बाजूला तिचा भाऊ राहायचा. जायच्या आधी इमामभाऊनं मला काचंच्या खोलीत बोलवून एकेक सांगितलं. कुटल्या फळीला किती ऊन, कुटली कुंडी कवा फिरवायची, पावसात काचंखाली कुटं गळतं. म्हनला, म्हाताऱ्याची तुला आठवन आली का पानी घालू नको, इसरशील तवा घाल. आन मंग म्हनला, "माज्यापायी तुला बी जज्जानं इचारलं. मनावर घिऊ नको, येसू."

मी म्हनलं, न्हाई घेत.

पावसाळ्याचं झाडांजवळ कुनीतरी पायजेच व्हतं. बाईसाबांनी मला माळ्याची खोली दिली. मी मागितली बी न्हाई. मिरगाच्या आदल्या दिशी रखमीला आन एक गाठोडं घिऊन मी राहायला आले. कोनाडा भाभीच्या चिमनीनं काळा झालेला. भितीत दोन खिळे तसेच. पाऊस सुरू झाला आन छपरातनं एक थेंब बी आत आला न्हाई. इमामभाऊनं कौलं चाळली व्हती, चैतातच.

वाऱ्यानं आली असंल कीड, असं मी मनाला लय दिस सांगितलं. म्होरल्या दोन-तीन सालांत मावळातली समदी निवडुंगं गेली, तवा तर सांगनं सोपं झालं. कुरवंड्याच्या वया पांढऱ्या झाल्या, मंग काळ्या, मंग चिखल. कुनी म्हनायचं सरकारनंच सोडला किडा. रान मोकळं झालं म्हनून पुरुष खूष व्हते. बायकांना मातुर आडोसा राहिला न्हाई, पहाटचं कुटं जायाचं ते नव्यानं शोधावं लागलं. म्हंजे आज ना उद्या कीड बंगल्यावर येनारच व्हती. हे समदं खरं हाय. पन पयला ठिपका कुटल्या कुंडीवर व्हता ते मी बघितलंय.

मंडळी परत जमाया लागली. इमामभाऊचं बघितलेलं आठवून आठवून मी कलम बांधाया शिकले. वईच्या निवडुंगाच्या जागी बंगल्याच्या भितीवर चढलेल्या, रातीला फुलनाऱ्या तीनधारी परदेशी निवडुंगाचं खोड घेतलं, त्याला ती कीड लागत न्हाई. गोरी बाई माजा हात धरून भिंगातनं माजा दोरा बघायची आन मान डोलवायची. कुनी म्हनंल, कमी पान्यावर जगनारी झाडं आन ही बाई सारकीच. मला तसं कायबी वाटत नव्हतं. झाडाला ऊन पायजे व्हतं, मला खोली पायजे व्हती.

इमामभाऊ गेल्यावरच्या पयल्याच वैशाखात, ऐतवारचं, दुपार कलायच्या वक्ताला मागल्या फाटकाशी इमामभाऊ उभा. दाढीची मेंदी उतरून पांढरी झालेली. ठेसनाकडं काम व्हतं म्हनला, वाटंत डोकावलो. भाभी माघातच गेली, दम्यानं. भावाच्या घरात चुलीचा धूर लय व्हता, खिडकी नव्हती. त्यानं ते असं सांगितलं, जसं पाऊस कमी पडला म्हनून सांगत्यात.

आत येत न्हाई म्हनला. पानी मागितलं. मी तांब्या वरनं ओतला, त्यानं ओंजळीनं पिलं. तवा तसंच व्हतं. म्हातारा कसा हाय इचारलं, मी म्हनलं बरा हाय. रखमीला बघून म्हनला, वाढली. मंग जायाला वळला आन परत थांबला.

"एक इचारू का, येसू. तू रोज तितं व्हतीस. मी लय येळा त्या पोत्याचा इचार करतो. झटकून आनलं व्हतं मी. चांगलं झटकलं व्हतं. रात रात झोप लागत न्हाई का उगाच माज्यावर आलं का काय. तुला काय वाटतं, त्या वाळूतनंच आली न्हवं ती कीड?"

फाटकाची कडी माज्या हातात व्हती. उन्हानं तापलेली, पन मला पोळली न्हाई. माज्या मागं खोलीचं दार उघडं व्हतं.

मी म्हनलं, "व्हय. वाळूतनंच."

त्यानं मान डोलावली.

"मंग बरं," म्हनला. "तू बघितलंस म्हंजे तसंच असनार. आता लागंल झोप."

आन उताराला लागला. म्हातारा मानूस, पाय जपून टाकत व्हता. तो वळनावर दिसंनासा झाला तवर मी उभी व्हते. मंग व्हरांड्यातनं बाईसाबांची हाक आली, टांगे यायला लागले व्हते. मी पदर खोचला आन कुंड्या मेजावर मांडाया गेले.